डोळ्याची नस सुजली, मग एमआरआय मेंदूचा कशाला?

एका डोळ्यासमोर अचानक धुकं आल्यासारखं वाटतं. चष्म्याची काच पुसून होते, डोळ्यात थेंब टाकून होतात, पण फरक पडत नाही. दोन-तीन दिवसांत धूसरपणा वाढतो. डोळा इकडे-तिकडे फिरवला की आतून दुखतं. लाल रंग फिका, विटकरी दिसायला लागतो. नेत्रतज्ज्ञ तपासतात आणि सांगतात की डोळ्याच्या नसेला सूज आली असावी, डोळ्यांचा आणि मेंदूचा एमआरआय करून घ्या.

इथे बहुतेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. दिसत नाहीये डोळ्याने, मग मेंदूचा फोटो कशाला? खर्च काही हजारांचा, त्यात 'मेंदू' हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो तो वेगळाच.

या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं आहे. नसेला सूज आहे की नाही, हे अनुभवी डॉक्टर बऱ्याचदा एमआरआयशिवायही ओळखतात. एमआरआय त्यापुढचे तीन प्रश्न सोडवायला मदत करतो: हा त्रास खरंच सुजेचा आहे की नसेवर आणखी कशाचा दाब आहे? सूज नसेच्या कोणत्या भागात आणि किती लांब आहे? आणि ही सूज एकटीच आली आहे की मेंदूतही तिच्या खुणा आहेत? पुढची अनेक वर्षं या रुग्णाची काळजी कशी घ्यायची, हे या उत्तरांवर ठरतं.

डोळ्याची नस म्हणजे नेमकं काय?

इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे. डोळ्याच्या पडद्यावर उमटलेलं चित्र मेंदूपर्यंत नेणारा हा मज्जातंतू आहे. डॉक्टर त्याला 'ऑप्टिक नर्व्ह' म्हणतात आणि त्याच्या सुजेला 'ऑप्टिक न्यूरायटिस'.

या नसेची जाडी जेमतेम तीन ते चार मिलिमीटर असते आणि लांबी सुमारे पाच सेंटिमीटर. एवढ्याशा दोरीत दहा लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू असतात. तिचा प्रवास चार टप्प्यांत होतो. पहिला टप्पा डोळ्याच्या आत, फक्त एक मिलिमीटरचा. दुसरा डोळ्यामागच्या खोबणीतून, चरबीच्या गादीतून जाणारा आणि सगळ्यात लांब. तिसरा हाडाच्या अरुंद बोगद्यातून. चौथा कवटीच्या आत. तिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात आणि काही तंतू बाजू बदलतात. त्या चौकाला 'कायझम' म्हणतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ही नस हातापायांतल्या नसांसारखी नाही. रचनेच्या दृष्टीने ती मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, तसं मज्जातंतूंवर 'मायलिन' नावाचं आवरण असतं. डोळ्याच्या नसेवरचं मायलिन आणि मेंदूतलं मायलिन एकाच प्रकारच्या पेशी तयार करतात. त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती चुकून या आवरणावर हल्ला करायला लागली, तर तो हल्ला डोळ्याच्या नसेत होऊ शकतो, मेंदूत होऊ शकतो आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतही होऊ शकतो. मेंदूचा एमआरआय सांगण्यामागचं मूळ कारण हेच आहे.

डोळ्यात काहीच दिसत नाही, तरी नजर का गेली?

नेत्रतज्ज्ञ बाहुलीतून आत पाहतात तेव्हा त्यांना नसेचं फक्त पुढचं टोक दिसतं. सूज त्याच्या मागे असेल, तर ते टोक अगदी निरोगी दिसतं. अमेरिकेत ऑप्टिक न्यूरायटिसवर झालेल्या सर्वांत प्रसिद्ध अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश रुग्णांमध्ये हे टोक सुरुवातीला नॉर्मल होतं. म्हणूनच या आजाराबद्दल वैद्यकीय वर्तुळात एक जुनं वाक्य आहे: रुग्णाला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही.

मग डॉक्टर ओळखतात कसं? लक्षणांवरून आणि काही साध्या चाचण्यांवरून.

पहिली गोष्ट म्हणजे वेदना. याच अभ्यासात ९२ टक्के रुग्णांना डोळा दुखत होता आणि बहुतेकांचं दुखणं डोळा फिरवल्यावर वाढत होतं. दुसरी गोष्ट रंग. एकच लाल वस्तू आळीपाळीने दोन्ही डोळ्यांनी पाहिली तर आजारी डोळ्याला ती फिकी दिसते. तिसरी चाचणी टॉर्चची. अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली जाते. निरोगी डोळ्यावर प्रकाश पडला की दोन्ही बाहुल्या आकसतात. आजारी डोळ्यावर टॉर्च आली की त्या आकसण्याऐवजी मोठ्या होतात, कारण त्या नसेतून प्रकाशाचा निरोपच नीट पोहोचत नाही.

याशिवाय पडद्याच्या थरांची जाडी मोजणारी 'ओसीटी' आणि डोळ्याकडून मेंदूपर्यंत निरोप जायला किती वेळ लागतो हे मोजणारी 'व्हीईपी' या चाचण्याही केल्या जातात. पण डोळ्यामागचे ते चार-पाच सेंटिमीटर प्रत्यक्ष दाखवण्याचं काम एमआरआयच सर्वांत चांगलं करतो. सीटी स्कॅन हाडं आणि रक्तस्राव चांगले दाखवतो, पण नसेची सूज त्यात अनेकदा निसटते.

एमआरआयला सूज कशी दिसते?

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. यंत्रात एक अतिशय ताकदवान चुंबक असतो. रुग्णालयांत साधारणपणे दीड किंवा तीन टेस्ला क्षमतेची यंत्रं असतात. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत असलेल्या हायड्रोजनचे अणुगर्भ या चुंबकाला प्रतिसाद देतात. रेडिओ लहरींनी त्यांना हलवलं की ते परत जागेवर येताना सूक्ष्म संकेत सोडतात आणि त्या संकेतांपासून संगणक चित्र बनवतो.

सूज आली की त्या जागी पाणी वाढतं. 'टी२' नावाच्या चित्रांत पाणी पांढरं दिसतं, म्हणून सुजलेली नस शेजारच्या निरोगी नसेपेक्षा उजळ आणि थोडी जाड दिसते.

पण इथे एक मोठी अडचण येते. डोळ्यामागे नस चरबीच्या गादीत रुतलेली असते आणि नेहमीच्या चित्रांत ही चरबीही पांढरी दिसते. पांढऱ्या भिंतीवर पांढरा डाग शोधावा, तसं होतं. यावर उपाय म्हणून चरबीचा संकेत मुद्दाम दाबून टाकणाऱ्या पद्धती निघाल्या. त्यांतली 'स्टिर' ही पद्धत १९८० च्या दशकात आली आणि डोळ्याच्या नसेचा एमआरआय खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला. चरबी काळी झाली की सुजलेली नस त्यावर ठळक उठून दिसते.

दुसरी मदत होते इंजेक्शनची. हाताच्या शिरेतून 'गॅडोलिनियम' असलेलं औषध देतात. यालाच कॉन्ट्रास्ट म्हणतात. निरोगी नसेतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, त्यामुळे हे औषध नसेत झिरपत नाही. सूज ताजी असेल तर भिंती सैल होतात, औषध आत झिरपतं आणि तेवढा भाग चमकतो. नेहमीच्या प्रकारच्या ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये पहिल्या तीन आठवड्यांत योग्य पद्धतीने स्कॅन झाला, तर दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत ही चमक सापडते.

ही चमक कायम राहत नाही. काही आठवड्यांत ती ओसरते आणि स्टिरॉइड सुरू झाल्यावर आणखी लवकर ओसरते. टी२ चित्रातला उजळपणा मात्र नजर सुधारल्यानंतरही बराच काळ राहू शकतो. म्हणून चमकणारा भाग 'आत्ता' चाललेल्या सुजेबद्दल सांगतो आणि नुसता उजळ भाग जुन्या जखमेचाही असू शकतो.

'ब्रेन एमआरआय नॉर्मल' म्हणजे नस नॉर्मल नव्हे

अनेक रुग्णांची गडबड इथेच होते. घाईत साधा मेंदूचा एमआरआय केला जातो, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण मेंदूच्या साध्या स्कॅनमध्ये चित्रांचे काप जाड असतात, चरबी दाबलेली नसते आणि कॉन्ट्रास्टही नसतो. तीन मिलिमीटरची नस त्यात नीट दिसेलच असं नाही.

डोळ्याची नस पाहायची असेल तर स्कॅनमध्ये चार गोष्टी लागतात: डोळ्यांच्या खोबणीचे दोन-तीन मिलिमीटरचे पातळ काप, समोरून मागे जाणारे उभे काप म्हणजे 'कोरोनल' चित्रं, चरबी दाबण्याची पद्धत आणि कॉन्ट्रास्ट. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'ब्रेन आणि ऑर्बिट, कॉन्ट्रास्टसह' असं लिहिलेलं असतं ते यासाठी. केंद्रावर अपॉइंटमेंट घेताना ही चिठ्ठी दाखवावी. नुसतं 'मेंदूचा एमआरआय सांगितलाय' असं फोनवर कळवलं तर चुकीची तपासणी होण्याची शक्यता असते.

मेंदूच्या चित्रांतून भविष्य कसं कळतं?

आता मूळ प्रश्नाकडे. अमेरिकेत १९८८ ते १९९१ या काळात १५ केंद्रांवर ४५७ रुग्णांना एका अभ्यासात सामील करून घेतलं गेलं. 'ऑप्टिक न्यूरायटिस ट्रीटमेंट ट्रायल' या नावाने तो ओळखला जातो. अभ्यास उपचारांचा होता, पण सुरुवातीला मेंदूचा एमआरआयही केला होता आणि रुग्णांचा पुढे १५ वर्षं पाठपुरावा झाला. त्यातून जे कळलं त्याने या आजाराकडे पाहण्याची पद्धत बदलली.

१५ वर्षांत एकूण निम्म्या रुग्णांना 'मल्टिपल स्क्लेरोसिस' म्हणजे एमएस हा आजार झाला. या आजारात प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनवर पुन्हा पुन्हा हल्ला करते. पण सगळ्यांचा धोका सारखा नव्हता. ज्यांच्या मेंदूच्या पहिल्या एमआरआयमध्ये एकही डाग नव्हता, त्यांच्यापैकी २५ टक्के रुग्णांना एमएस झाला. ज्यांच्या मेंदूत एक किंवा अधिक डाग होते, त्यांच्यात हे प्रमाण ७२ टक्के होतं.

म्हणजे डोळ्याची तक्रार दोघांची सारखीच, नजर सुधारण्याचा वेगही कदाचित सारखाच, पण मेंदूच्या चित्रावरून दोघांचे पुढचे रस्ते वेगळे ठरू शकतात. आज एमएस आटोक्यात ठेवणारी बरीच औषधं उपलब्ध आहेत आणि ती लवकर सुरू झाली तर पुढचं नुकसान कमी होतं. त्यामुळे ही माहिती हाताशी असणं मोलाचं ठरतं.

मेंदूतला प्रत्येक पांढरा ठिपका मात्र एमएसचा नसतो. वाढतं वय, उच्च रक्तदाब, मायग्रेन यांमुळेही बारीक ठिपके दिसतात. एमएसचे डाग ठरावीक जागी येतात: मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्यांना लागून, मेंदूच्या बाह्य थराला चिकटून, मेंदूच्या खालच्या-मागच्या भागात आणि मज्जारज्जूत. निदानासाठी २००१ पासून 'मॅकडोनाल्ड निकष' वापरले जातात. गंमत म्हणजे बरीच वर्षं या जागांच्या यादीत खुद्द डोळ्याच्या नसेचाच समावेश नव्हता. २०२४ च्या सुधारित निकषांत तिला पाचवी जागा म्हणून स्थान मिळालं. आता नसेतला दोष एमआरआय, ओसीटी किंवा व्हीईपीमध्ये सिद्ध झाला, तर तोही निदानात मोजता येतो.

एकच सूज, तीन वेगळे आजार

डोळ्याची नस सुजण्यामागे प्रतिकारशक्तीचे प्रामुख्याने तीन आजार असू शकतात. नसेत सूज कुठे आणि किती लांब आहे, यावरून एमआरआय त्यांतला फरक सुचवतो.

एमएस: सूज सहसा एकाच डोळ्याच्या नसेत आणि लांबीने छोटी असते. मेंदूत वर सांगितलेल्या जागी डाग सापडू शकतात. नजर बऱ्याच जणांची चांगली सुधारते.

एनएमओ: पूर्ण नाव 'न्यूरोमायलायटिस ऑप्टिका'. सूज नसेच्या निम्म्याहून अधिक लांबीची असू शकते, ती मागच्या भागात असते आणि अनेकदा कायझमपर्यंत पोहोचते. पूर्वी हा एमएसचाच प्रकार मानला जायचा. २००४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी या रुग्णांच्या रक्तात विशिष्ट अँटिबॉडी असल्याचं दाखवलं आणि तो वेगळा आजार असल्याचं स्पष्ट झालं. ही अँटिबॉडी 'अ‍ॅक्वापोरिन-४' या प्रथिनावर हल्ला करते. यात नजर कायमची जाण्याचा धोका जास्त असतो.

मॉग: 'मॉग' हे मायलिनच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन आहे आणि या आजारात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. सूज लांब असते, पण पुढच्या भागात. दोन्ही डोळे एकदम आजारी पडू शकतात, नसेचं पुढचं टोक बरंच सुजतं आणि नसेभोवतीचं वेष्टनही चमकतं. लहान मुलांमध्ये हा प्रकार जास्त आढळतो. स्टिरॉइडने लवकर बरं वाटतं, पण ते घाईने बंद केलं तर त्रास उलटू शकतो.

हा फरक कळणं फार गरजेचं आहे, कारण एमएसची काही औषधं एनएमओच्या रुग्णाला दिली तर त्याचा आजार बळावू शकतो. अर्थात, एमआरआय इथे फक्त दिशा दाखवतो. शिक्कामोर्तब रक्तातल्या अँटिबॉडीच्या तपासणीने होतं आणि हे रक्त शक्यतो उपचार सुरू होण्याआधी घेतलेलं बरं.

भारतातल्या रुग्णांसाठी हे आकडे लागू होतात का?

जसेच्या तसे नाहीत. त्या अमेरिकन अभ्यासातले सुमारे ८५ टक्के रुग्ण गोरे होते. एमएसचं प्रमाण युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या तुलनेत भारतात कमी आहे. त्यामुळे इथे ऑप्टिक न्यूरायटिस झाला म्हणजे निम्म्यांना एमएस होणारच, असा हिशेब मांडणं चूक ठरेल. उलट एनएमओ आणि मॉग या शक्यता भारतीय डॉक्टर सुरुवातीपासून डोळ्यासमोर ठेवतात.

शिवाय इथे काही वेगळी कारणंही तपासावी लागतात. क्षयरोग, सिफिलिस यांसारख्या संसर्गातही ही नस सुजू शकते. क्षयरोगाच्या उपचारातल्या 'इथॅम्ब्युटॉल' या गोळीमुळे काही थोड्या रुग्णांत नसेला इजा होते. ही इजा सहसा दोन्ही डोळ्यांना, हळूहळू आणि न दुखता होते. क्षयाची औषधं चालू असताना नजर धूसर झाली किंवा रंग ओळखताना गोंधळ व्हायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. सगळा कोर्स मनाने बंद करू नये.

एमआरआय आणखी एक मोठं काम करतो. नसेवर गाठ दाबत असेल तर ती दाखवतो. गाठीमुळे जाणारी नजर साधारणपणे हळूहळू, काही महिन्यांत कमी होत जाते. 'सूज असेल, जाईल' म्हणून वाट पाहिली तर अशा रुग्णाचा मोलाचा वेळ वाया जातो. पन्नाशीनंतर सकाळी उठल्यावर अचानक, न दुखता एका डोळ्याची नजर कमी झाली असेल, तर अनेकदा सूज नसून नसेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांत हे जास्त दिसतं. त्याचे उपचार वेगळे असतात.

आधी स्कॅन की आधी उपचार?

शक्य असेल तर स्कॅन पहिल्या काही दिवसांतच करावा. पण नजर वेगाने जात असेल आणि एमआरआयची तारीख लांबची मिळत असेल, तर डॉक्टर उपचार थांबवून ठेवत नाहीत, विशेषतः एनएमओचा संशय असेल तेव्हा. अशा वेळी लवकर दिलेलं स्टिरॉइड आणि गरज पडल्यास रक्तातला द्रव बदलण्याची 'प्लाझ्मा एक्स्चेंज' ही प्रक्रिया नजर वाचवू शकते.

नेहमीच्या प्रकारात सहसा रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शिरेतून तीन ते पाच दिवस देतात. त्या अमेरिकन अभ्यासात दिसलं की अशा इंजेक्शनने नजर लवकर सुधारते, पण सहा महिन्यांनी इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांच्या नजरेत फारसा फरक उरत नाही. त्याच अभ्यासात नेहमीच्या मात्रेतल्या नुसत्या स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. म्हणून मेडिकलमधून परस्पर स्टिरॉइडच्या गोळ्या आणून घेणं हा या आजारातला धोकादायक मार्ग आहे. आत संसर्ग लपलेला असेल किंवा साखर वाढलेली असेल, तर त्याने नुकसान आणखी वाढतं.

स्कॅनला जाताना काय लक्षात ठेवायचं?

चुंबक चोवीस तास चालू असतो. यंत्र 'बंद' दिसलं तरी त्याची ओढ कायम असते. २०१८ साली मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, यंत्राने सिलिंडरसह त्याला खेचलं आणि त्याचा मृत्यू झाला. त्यामुळे तंत्रज्ञांनी सांगितल्याशिवाय नातेवाइकांनीही आत पाऊल टाकू नये.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना, घड्याळ, मोबाइल, बँकेची कार्डं बाहेर ठेवावीत.

काजळ, मस्कारा, आयलायनर पूर्ण पुसून जावं. त्यांत धातूचे कण असू शकतात आणि नेमकं डोळ्याभोवतीचंच चित्र बिघडतं.

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप असेल तर आधीच सांगावं.

वेल्डिंग, ग्राइंडिंग किंवा लेथवर काम करणाऱ्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे आवर्जून सांगावं. असा कण आत राहिला असेल तर चुंबकामुळे तो सरकून डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. शंका असल्यास आधी एक्स-रे काढतात.

किडनीचा आजार असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यावा, कारण गॅडोलिनियम किडनीवाटे बाहेर पडतं. गर्भवतींना कॉन्ट्रास्ट शक्यतो देत नाहीत.

डोळ्यांचा आणि मेंदूचा मिळून स्कॅन साधारण पाऊण ते एक तास चालतो. यंत्र मोठा ठकठक आवाज करतं, त्यासाठी कानात बोळे देतात. डोळा हलला की त्यामागची नसही हलते आणि चित्र पुसट येतं. म्हणून डोळे मिटून, बुबुळं स्थिर ठेवून पडून राहावं. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगावं, डॉक्टर सौम्य औषध देऊ शकतात.

रिपोर्टमधले शब्द समजून घेऊया

हायपरइंटेन्स: शेजारच्या भागापेक्षा उजळ. टी२ चित्रात नस अशी दिसली तर सूज किंवा जुनी इजा.

एन्हान्समेंट: कॉन्ट्रास्ट दिल्यावर आलेली चमक. नसेत असेल तर ताजी सूज सुचवते.

रेट्रोबल्बार: डोळ्याच्या गोळ्याच्या मागे.

पेरिन्यूरल: नसेभोवतीच्या वेष्टनात.

अ‍ॅट्रॉफी: नस बारीक होणं. सहसा जुन्या इजेची खूण.

डीमायलिनेशन: मायलिन आवरण निघून जाणं. हा शब्द दिसला म्हणजे एमएस ठरला, असं नाही.

पेरिव्हेंट्रिक्युलर: मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्यांलगत.

नॉनस्पेसिफिक: विशिष्ट आजाराकडे बोट न दाखवणारा. हा शब्द वाचून घाबरण्याचं कारण नसतं.

रिपोर्टसोबत चित्रांची सीडी किंवा लिंक जरूर मागून घ्यावी. काही महिन्यांनी दुसरा स्कॅन झाला तर नवा डाग कोणता आणि जुना कोणता, हे जुनी चित्रं शेजारी ठेवूनच कळतं.

एमआरआय पूर्ण नॉर्मल आला तर?

मेंदूत डाग नसतील तर ती चांगली बातमी आहे. धोका शून्य होत नाही, पण बराच कमी होतो. नसेतही काही दिसलं नसेल, तर स्कॅन उशिरा झाला का, स्टिरॉइडनंतर झाला का, चरबी दाबणारी चित्रं घेतली होती का, हे डॉक्टर पडताळतात. लक्षणं आणि टॉर्चची चाचणी स्पष्ट असेल तर एका नॉर्मल स्कॅनमुळे निदान रद्द होत नाही. क्वचित निदानच बदलावं लागतं आणि त्रास पडद्याचा किंवा आनुवंशिक असल्याचं पुढे येतं.

नजर परत येते का?

नेहमीच्या प्रकारात बहुतेकांची येते. सुधारणा साधारण दोन-तीन आठवड्यांत सुरू होते आणि काही महिने चालू राहते. अमेरिकन अभ्यासात वर्षभरानंतर दहापैकी नऊहून अधिक रुग्णांची नजर ६/१२ किंवा त्याहून चांगली होती. तरी रंग थोडे फिके वाटणं, मंद उजेडात अडखळणं असे बारीक फरक राहू शकतात. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर, उन्हातून आल्यावर किंवा व्यायामानंतर नजर थोडा वेळ पुन्हा धूसर होऊ शकते. अंग थंड झालं की ती पूर्ववत होते आणि हा नवा झटका नसतो.

काही खुणा मात्र वेगळ्या असतात: दोन्ही डोळे एकदम गेले, अजिबात दुखत नाही, तीन आठवड्यांनंतरही सुधारणा नाही, स्टिरॉइड कमी करताच नजर पुन्हा घसरली, किंवा सोबत हातापायात बधिरपणा, लघवीचा त्रास, न थांबणारी उचकी वा उलट्या आहेत. अशा वेळी नेत्रतज्ज्ञांसोबत मेंदूविकारतज्ज्ञांनाही ताबडतोब दाखवावं आणि एमआरआय, गरज पडल्यास मज्जारज्जूचाही, लांबणीवर टाकू नये. एका डोळ्याने अंधूक दिसतंय, पण दुसऱ्याने काम भागतंय म्हणून दिवस ढकलले जातात. या आजारात तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.